बंदुकीला जे दिसत होतं

हे मी रचून सांगत नाहीये. रचायला मला सवड नाही. मी शाळेची व्हॅन चालवते, सकाळ-दुपार पोरांचा कालवा ऐकते. भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नव्हता.

"नव्हता" म्हणतेय, लक्षात घ्या.

हे घडलं आमच्या बाहेरच्या खोलीत, गेल्या हिवाळ्यात, भर दुपारी. पडदे तेवढे ओढलेले होते.

माझ्या नवऱ्याचं केस कापायचं दुकान आहे. अर्धांगवायूचा झटका आला आणि ह्यांचा उजवा हात लुळा पडला. कात्री, वस्तरा, सगळं त्याच हातात. हात गेला म्हणजे दुकान गेलं, आणि दुकान गेलं म्हणजे हा माणूस गेला, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. दिवसभर भिंतीकडे बघत बसायचे.

फिजिओची बाई म्हणाली, "बोटांना आवडीचं काम द्या."

ह्यांना काय आवडावं? लहानपणीचा व्हिडिओ गेम. माळ्यावरून काढला. कॅसेट घालायचा, सोबत प्लास्टिकची बंदूक. पडद्यावर पक्षी उडतात, नेम धरून घोडा दाबायचा.

आमच्या नव्या टीव्हीवर गेम लागला, पण बंदूक चालेना. टीव्ही दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिकला बोलावलं. तो हसला.

"वहिनी, या बंदुकीतून काही सुटत नाही. ती नुसती बघते. घोडा दाबला की पडदा क्षणभर काळा होतो आणि पक्ष्याच्या जागी पांढरा चौकोन येतो. बंदुकीला पांढरं दिसलं की नेम लागला. हे जुन्या डबा टीव्हीवरच जमतं."

तसला एक त्याच्याकडे पडून होता. दुरुस्तीला आलेला, परत न्यायला कोणी आलंच नाही. त्याने आणला, मागे वायर खोचली, चॅनेल लावलं. बराच वेळ नुसती खरखर... मग निळं आकाश.

ह्यांचा चेहरा उजळला. किती दिवसांनी. मला रडूच आलं, खोटं कशाला बोलू.

पहिल्या दिवशी हात उचलेचना. पक्षी वर, बंदुकीची नळी खाली गवताकडे, एका कोपऱ्यात. बोट कसंबसं वळलं...

टिंग.

नेम लागला. पक्षी मात्र उडतच होता.

"कावळा बसायला आणि फांदी मोडायला," मी म्हटलं. हेही हसले. परत दाबलं.

टिंग.

मेकॅनिकला फोन केला. म्हणाला, "मशीन खोटं बोलत नाही, वहिनी. तिथे काहीतरी पांढरं दिसत असणार. काचेवर दिव्याची झाक येत असेल."

दिवा बंद होता.

दुसऱ्या दिवशी मी ह्यांच्या मागेच बसले. घोडा दाबला की पडदा काळा व्हायचा, पातं लवतं तेवढाच. त्या काळ्या काचेत आमची खोली दिसायची. खुर्चीत हे. मागे मी. आणि कोपऱ्यात, दाराशी...

काहीतरी पांढरं. उभं.

मी मागे वळले. दार होतं. बाकी काही नाही.

मी कोणाला बोलले नाही. कारण ह्यांचं बोट वळायला लागलं होतं. माझ्या जागी तुम्ही काय केलं असतं?

रोज दुपारी ते थोडं पुढे सरकायचं. दारापासून कपाटापाशी. मग एक दिवस... माझ्या शेजारी. दंडावरचे केस उभे राहिले. जुन्या टीव्हीसमोर राहतात तसे, असं मी मनाला समजावलं. पण टीव्ही माझ्यापासून लांब होता.

मग ह्यांच्या खुर्चीमागे.

आणि एके दुपारी... नाहीच.

काळ्या काचेत फक्त हे आणि मी. गवताकडे नेम धरला तर टिंगही नाही.

त्याच दिवशी ह्यांनी पाण्याचा पेला उचलला. उजव्या हाताने. फिजिओची बाई टाळ्या वाजवायला लागली. मीही वाजवल्या. पण माझा जीव थाऱ्यावर नव्हता. ते गेलं, हे चांगलंच झालं. पण गेलं कुठे?

बाई गेल्यावर ह्यांना खुर्चीतच डुलकी लागली. टीव्ही चालू होता. मी बंदूक उचलली. पक्ष्यांकडे बघितलंच नाही. काचेत हे जिथे दिसत होते, तिथे नेम धरला.

चेहरा. काही नाही.

डावा हात. काही नाही.

उजवा हात...

टिंग.

पुन्हा दाबलं. टिंग.

मी वायर उपटली. मेकॅनिकला सांगून संध्याकाळच्या आत टीव्ही घराबाहेर काढला. वाटलं, आता हात परत लुळा पडेल. नाही पडला. धडधाकट राहिला.

पुढच्याच आठवड्यात हे म्हणाले, "उद्या दुकान उघडतो."

त्या हातात वस्तरा. आणि खुर्चीत ओळखीपाळखीची माणसं, डोळे मिटून मान टाकून देणारी. कोणाला काय सांगणार होते मी? वेड्यात काढलं असतं.

"अहो, पहिलं गिऱ्हाईक मी," मी म्हटलं. "मानेवरचे केस काढून द्या."

"तुझे? वस्तऱ्याने?"

"का, माझी मान काय उसनी आणलीय?"

सकाळी शटर उघडलं आणि मी खुर्चीत बसले. कात्री सफाईने चालली. मग मानेवर वस्तरा टेकला. गार. ह्यांचा डावा हात माझ्या खांद्यावर होता, तो थरथरत होता. उजवा जराही नाही.

मग हे माझ्या कानाशी वाकले. आवाज अगदी बारीक...

"हलू नकोस हं. मी काहीच करत नाहीये. त्याचं तोच करतोय."

मी श्वाससुद्धा घेतला नाही.

साधा ओरखडाही उठला नाही. दुकान आता जोरात चालतं. लोक म्हणतात, हात आधीपेक्षा हलका झालाय. हे मात्र घरी आले की उजवा हात उशीखाली दाबून बसतात.

मी रोज दुकानाच्या काचेबाहेर जाऊन उभी राहते. आत कोणीतरी डोळे मिटून, मान वर करून बसलेलं असतं. तो माणूस खुर्चीतून उठेपर्यंत माझा पाय तिथून निघत नाही.