भिंतीतला आस्लाक

घर शेवटी विकलं गेलं नाही. हे वाक्य आपण वाचलंच नाही असं धरा. कारण त्या दुपारी, नॉर्वेतल्या रोरोस गावी, विक्रीचा करार बोर्गहिल आजींच्या टेबलावर तपकिरी चीजशेजारी पडला होता आणि पेन पुतण्याच्या हातात तयार होतं.

टक्. टक्. टक्.

आवाज भिंतीतून आला. गुप्तहेर सुन्नीवाच्या मदतनिसाच्या, आयलिफच्या, घशात वॉफल अडकलं.

"आला," आजी शांतपणे सुन्नीवाला म्हणाल्या. "आस्लाक. माझा नवरा. ऑगस्टात गेला, पहिल्या बर्फाला परत आला. जिवंतपणी तरी कधी वेळेवर यायचा? पोरी, तो आहे की नाही, एवढंच शोध. असला तर मी इथेच मरेन. नसला तर सही करते. रिकाम्या घरात मी राहायची नाही."

सुन्नीवा खिडकीबाहेर बघत होती. अंगणातल्या, घर तापवणाऱ्या हीट पंपाचा पंखा सुरू झाला आणि आयलिफने दुसऱ्या वॉफलला चीज लावेपर्यंत बंदही पडला. मग पुन्हा सुरू. टक्.

"भुताटकीचं घर आहे, काकू," पुतण्या येर्मुन म्हणाला.

"तुम्ही इथे कधीपासून?" सुन्नीवाने विचारलं.

"अंत्यविधीपासून. त्याआधी कित्येक वर्षं नाही. आणि तळघरात मी उतरत नाही. तिथे काकांचा वास येतो."

पंप बसवणारी हाल्डिस दाराशी बुटांवरचा बर्फ झटकत होती. "पंप मीच बसवला. तापलेलं पाणी साठवायला चांगली मोठी बफर टाकीही जोडून दिली. पण या उन्हाळ्यात तपासणीला आले, तर आस्लाकने खाली उतरूच दिलं नाही. म्हणाला, टाकीचं मी बघतो, तू कॉफी घे."

"ते प्यायचे का, आजी?" सुन्नीवाने विचारलं.

"लाल बेरींची वाइन करायचा. डॉक्टरांनी बंद केल्यावर मी वाइनची भांडीसुद्धा वाटून टाकली."

तळघरात नळ्या चटका बसेल इतक्या गरम होत्या. टाकी थंडगार. तिच्या झडपांपासून भिंतीपर्यंत कोळ्याचं जुनं, धुळकट जाळं होतं.

"कोळीही मेलाय," आयलिफ म्हणाला. त्याला हा साक्षीदार बिनमहत्त्वाचा वाटला.

सुन्नीवाने टाकीच्या खालच्या नळाला कप लावला आणि झाकून वर आणला.

"टाकी म्हणजे पंपाचा दम," ती म्हणाली. "झडपा फिरवून कोणीतरी टाकी वगळली. मग तापवायला पाणी उरलं थोडंसंच. पंप लगेच थांबतो, लगेच सुरू होतो. नळ्या फुगतात, आकसतात, भिंतीत ठोके देतात. उन्हाळ्यात पंप बंद, म्हणून भूतही बंद."

"येर्मुनचंच काम!" आयलिफ गरजला.

"जाळं बघितलंस ना? उन्हाळ्यापासून झडपांना हात लागलेला नाही. येर्मुन तेव्हा इथे नव्हता. हाल्डिसला खाली जाऊ दिलं नाही. उरला एकच." तिने कप पुढे केला. आत लाल वाइन होती. "भांडी गेल्यावर त्यांनी टाकी रिकामी केली आणि तिच्यात ही घातली. आजी, भूत नाही. गुन्हेगार आस्लाक."

आजींनी घोट घेतला. लोखंडाची चव होती. "म्हणजे ठोके त्यानेच लावलेत."

"टाकी धुऊन झडपा फिरवते," हाल्डिस म्हणाली. "आवाज गेलाच समजा."

"हात तर लावून बघ!"

"आजी, पंप लवकर मरेल," हाल्डिसने बजावलं. "वीजही खातोय."

"खाऊ दे. तोही खायचा."

येर्मुनने पेन खिशात ठेवलं. टक्, भिंत म्हणाली. आयलिफला उगाचच वाटलं की कोणीतरी आभार मानले.

पुढच्या आठवड्यात लोकसंख्या नोंदणी कार्यालयात अर्ज पोहोचला: 'माझे पती आस्लाक यांची नोंद आपल्याकडे "मयत" अशी असून ती अंशतः चुकीची आहे. तरी ती बदलून "हिवाळ्यात घरी" अशी करण्यात यावी, ही नम्र विनंती.'