किंचित सरकलेला लघुग्रह

परतीच्या पावसानं अंबडच्या कारखान्यांकडून सीबीएस स्टँडला निघालेल्या शेअर रिक्षाचे पडदे खाली ओढायला लावले होते. त्रिमूर्ती चौकात एक तरुण चौथा प्रवासी म्हणून आत शिरला आणि ओल्या बॅगेतून लॅपटॉप काढून बसला. पहिली शिफ्ट संपवून निघालेली ज्योत्स्ना त्याला अगदी खेटून होती. बघायचं नाही म्हणता म्हणता तिची नजर स्क्रीनवरच्या आलेखावर गेलीच.

"शेवटचे पॉइंट लाइन सोडून चाललेत," ती बोलून गेली... आणि जीभ चावली.

तो दचकला. "तुम्हाला दिसलं?"

"कंपनीत दिवसभर तेच बघते. क्वालिटीला आहे मी. कशाचं रीडिंग आहे?"

"एका लघुग्रहाचं. सूर्याभोवती फिरताना ठरल्या वाटेवरून सरकतोय. वर्षाला चार-पाच मीटर."

"चार-पाच मीटर? त्यात काय एवढं!"

"निसर्गातली चार मूलभूत बलं आपल्याला माहीत आहेत. हे सरकणं खरं असेल, तर त्याला ओढणारं पाचवं बल असू शकतं—आजवर कुणालाच न सापडलेलं."

ज्योत्स्नाला हसू आलं नाही. मायक्रॉनच्या फरकावरून अख्खी बॅच परत पाठवणारी मुलगी ती. किंचित म्हणजे काय, हे तिला सांगावं लागत नव्हतं.

त्याचं नाव हर्षल. मूळचा नांदगावचा, सिडकोत बहिणीकडे राहून पीएचडीचं लिखाण करत होता आणि दुपारी वाचनालयात जायचा. दुसऱ्या दिवशीही तो त्याच रिक्षात आला. तिसऱ्या दिवशी तर दोन रिक्षा सोडून तिच्याच रिक्षात.

"हर्षल म्हणजे ग्रह ना?" तिनं एकदा विचारलं.

"हो. तोही वाट सोडून चालायचा. शोधल्यावर कळलं, पलीकडे नेपच्यून आहे."

"म्हणजे हर्षल भरकटला, की जवळपास कुणीतरी असतं म्हणायचं..."

तो लाल झाला. पडद्याच्या फटीतून बाहेर बघत राहिला—बाहेर बघण्यासारखं काहीच नव्हतं तरी.

एके दिवशी तो भलताच खुशीत होता. पेपर पूर्ण करून त्यानं छापायला पाठवला होता. तो मान्य झाला, तर जर्मनीतल्या संस्थेत जागा मिळण्यासारखी होती.

ज्योत्स्नानं स्क्रीनवरच्या रेषेकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "एक विचारू? मशीनवरून उतरलेला जॉब, म्हणजे पार्ट, गरम असतो, तो तसाच मोजला तर माप चुकतं. तुमचा दगड उन्हात तापत असेल ना?"

"तापतो. ती उष्णता बाहेर पडताना त्याला अगदी बारीक धक्का देते. तो धरलाय मी. सगळ्या पृष्ठभागाचा सरासरी आकडा घेतलाय."

"सरासरी?" ती अडखळली. "जाड बाजू अन् पातळ बाजू सारखी तापत नाही. सरासरीवर पास केलेला जॉब आमच्याकडे हमखास परत येतो."

त्याचा चेहरा उतरला. त्यानं लॅपटॉप मिटला आणि सीबीएस येताच उतरून गेला.

मग दोन आठवडे तो आलाच नाही. त्रिमूर्ती चौक आला की ज्योत्स्ना मान बाहेर काढायची... आणि आत घ्यायची. आपण कशाला बोललो? पोरगा जर्मनीला चालला होता. पण गप्प बसले असते, तर उद्या त्याच्या डोळ्यांत बघता आलं असतं?

सोळाव्या दिवशी शिफ्ट सुटली, तेव्हा तो कंपनीच्या गेटसमोर उभा होता. दाढी वाढलेली, डोळे जागरणानं तांबारलेले.

"कुठे खडक, कुठे भुगा... सगळं वेगवेगळं धरून पुन्हा गणित केलं," तो म्हणाला. "सरकणं गेलं. पाचवं बल नाही. निदान तिथे नाही. पेपर मागे घेतला मी."

"आणि जर्मनी?"

"आता अवघडच."

"माझ्यामुळे..."

"तुझ्यामुळे मी खोटं छापलं नाही." आपण तिला 'तू' म्हटल्याचं त्याच्याही लक्षात आलं, पण त्यानं शब्द मागे घेतला नाही. "पहिले दोन दिवस राग आला होता. तुझा नाही, माझाच. नंतर मात्र रोज साडेतीनला, आपल्या रिक्षाच्या वेळी, घड्याळाकडे बघायचो. उत्तर हातात असल्याशिवाय तुझ्यासमोर यायचं नव्हतं. ज्योत्स्ना... मला तू आवडतेस. खूप."

शिफ्टमधल्या मैत्रिणी मागे वळून वळून बघत पुढे गेल्या. ज्योत्स्नाला वाटलं, आता विचार करायला वेळ मागावा. पण विचार तर ती सोळा दिवस करतच होती.

तिनं फोन काढला. पेठजवळच्या पाड्यावर, बाबांच्या घरी, रेंज मिळायला नेहमीच वेळ लागायचा. आज फोन लगेच लागला.

"बाबा, रविवारी शेतात नागली कापायला येतेय. अजून एक माणूस आणते."

"आण की. कापता येते का त्याला?"

तिनं हर्षलकडे पाहिलं. त्यानं घाबरून मान हलवली—नाही.

"नाही येत. शिकवू."

"बरं. पण कोण हाय गं तो?"

कंपनीतला आहे, मैत्रिणीचा भाऊ आहे... सांगण्यासारखं पुष्कळ होतं. ज्योत्स्नानं हर्षलचा हात धरला.

"माझा आहे, बाबा," ती म्हणाली.