कडी नसलेलं घर

“तिथं नाही येत, मॅडम. दोन पायऱ्या वर बसा.”

राजश्रीचा अंगठा मोबाइलवर थांबला. घरमालकीण साखराबाईंच्या इमारतीला बाहेरून लावलेल्या लोखंडी जिन्यावर ती बसली होती. जिना आणि शेजारच्या बैठ्या घराची गच्ची यांच्यामध्ये अरुंद बोळ, बस. गच्चीवर एक तरुण उन्हात टाकलेली गोधडी झटकत होता. डिसेंबरचं कोवळं ऊन त्याच्या पाठीमागून येत होतं, त्यामुळे चेहरा नीट दिसत नव्हता... हसू तेवढं दिसत होतं.

“काय नाही येत?” तिनं उगाच विचारलं.

“तुम्ही इथं राहायला आल्यापासून जे घ्यायलाव ते. माझं वाय-फाय.”

तिच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. क्लासमध्ये भरलेल्या हॉलपुढं फिजिक्सच्या शंका सोडवणारी ती, बिलोलीच्या हेडमास्तरांची मुलगी. शाळेतला खडू घरी आणला तरी वडील रागवायचे.

“त्याला पासवर्ड नव्हता,” ती म्हणाली.

“आमच्या पेरूलाही नाही. पेरू का नाही तोडले मग?”

“पेरू तोडला की एक कमी होतो.”

“आणि हे होत नाही? रोज संध्याकाळी माझे नकाशे मध्येच अडकतात. मग मी समजतो — मॅडमचा व्हिडिओ सुरू झाला.”

ती उठून उभी राहिली. “बंद करते. विचारायला पाहिजे होतं मी.”

“मग विचारा की.”

“आत्ता?”

“मी समोरच हाय.”

बोळातून गार वारा वर आला. तिनं ओढणी सावरली. “वापरू का?”

तो गोधडीची घडी घालत राहिला. फार विचार करतोय असा चेहरा केला. “उद्या सांगतो. याच वेळेला या.”

दुसऱ्या दिवशी ती आली. तोही होता. ‘वापरा’ म्हणायला त्यानं आणखी बरेच दिवस लावले.

त्याचं नाव अंबरीश. घरीच बसून तो ठेकेदारांना घरांचे नकाशे काढून द्यायचा. त्याच्या प्रत्येक नकाशात, कितीही छोटं घर असो, बाहेर पडायला दोन दारं असायची. ठेकेदार वैतागायचे, जागा वाया जाते म्हणायचे. तो ऐकून घ्यायचा आणि पुन्हा दोनच दारं काढायचा.

एकदा त्यानं तिला चहाला बोलावलं. आईनं बोलावलंय, असं म्हणाला. आई म्हणाली, मी कुठं बोलावलं... आणि मग तिघंही हसली. जगदेवीबाई बारीक अंगाच्या, कानावर पदर घट्ट ओढून बसणाऱ्या. त्यांच्या हातचा चहा लई गोड. राजश्रीची नजर सवयीनं दाराकडे गेली. परक्या घरात गेलं की ती आधी दाराची कडी बघायची, पेइंग गेस्ट म्हणून राहणाऱ्या मुलींना ही सवय लागतेच. या दाराला कडी नव्हती. जिथं असायला हवी तिथं लाकडात स्क्रूची भोकं होती फक्त.

“काढून टाकली,” अंबरीश म्हणाला.

“रात्री पण नाही लावत?”

उत्तर जगदेवीबाईंनी दिलं, ताटातले तांदूळ निवडता निवडता. “गावाकडच्या घराची याच्या बापानं लावली होती, पोरी. विसर्जनाहून उशिरा आलो, दमलेलो. हा तापानं फणफणलेला, म्हणून मी याला घेऊन अंगणात निजले. थोरली लेक बापाजवळ आत. पहाटे भूकंप आला... ते उठले असतील, दारापर्यंत आले असतील. भिंत सरकली की कडी निघत न्हाई. दारापाशीच सापडले दोघं.”

त्यांनी एक खडा उचलून बाजूला टाकला आणि पुन्हा तांदळात बोटं फिरवू लागल्या.

जिन्यापर्यंत सोडायला आला तेव्हा अंबरीश म्हणाला, “म्हणून पासवर्ड नाही. आईला नाही समजत त्यातलं, पण मलाच लावावासा वाटत नाही. कोणाला अडलं-नडलं असलं तर यावं.”

“पण दारातून कोण आलं ते दिसतं. यातून दिसत नाही.”

“तुम्ही दिसलात की.”

“मी नशिबानं दिसले.”

“कोणाच्या नशिबानं?” त्यानं विचारलं, आणि ती पायरी चढायची विसरली.

त्या महिन्यात तिला सगळंच हलकं वाटत होतं. टँकर आला की खाली घागरींची झुंबड उडायची, ती वरून बघायची, आणि गर्दीत तो दिसायचा... साखराबाईंची घागर भरून देणारा, भरता भरता वर बघणारा. तिला तो ‘मॅडम’च म्हणायचा. कधी नावानं हाक मारेल याची ती वाट बघत होती, हे तिनं स्वतःलाही कबूल केलं नव्हतं.

याच दिवसांत तिनं खोलीतल्या पुनमला ती पायरी दाखवली. पुनम अठरा वर्षांची, मेडिकलसाठी दुसऱ्यांदा बसत होती. तिचा रिचार्ज संपला होता आणि सराव पेपर बघायचे होते. “इथं बस, येतं,” राजश्री म्हणाली. अंबरीशनं परवानगी दिली होती ती तिला एकटीला, हे तेव्हा तिच्या मनातही आलं नाही.

क्लासमध्ये रविवारची टेस्ट झाली की मुलांच्या जागा बदलत. वरचे शंभर पहिल्या हॉलमध्ये, मोठ्या सरांसमोर. बाकीचे मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये. पुनम दोनदा खाली घसरली होती. घरून फोन आला की वडील ‘जेवलीस का’ आधी विचारत नसत. ‘कितवी आलीस’ विचारत.

टेस्टच्या आदल्या दिवशी सगळ्यांच्या मोबाइलवर एक संदेश फिरला. खाली सरकारी वाटावा असा शिक्का होता. पहाटे किल्लारीपेक्षा मोठा धक्का बसणार, घराबाहेर पडा. दुसऱ्या जिल्ह्यात लोक हसले असते. इथं कोणी हसलं नाही. ज्यांनी ती पहाट पाहिली होती त्यांनी पोरांना उचललं, म्हाताऱ्यांना हाताला धरलं, आणि जो-तो मोकळं मैदान शोधत निघाला. क्लासनं टेस्ट रद्द केल्याचं कळवलं. जमीन काही हलली नाही.

सकाळी माणसं पांघरुणं खांद्यावर टाकून परतली, एकमेकांना शिव्या देत, थोडी लाजत. जगदेवीबाई परतल्या नाहीत. अंबरीश औशाला साइटवर गेला होता, त्याला गाडी मिळेपर्यंत उजाडलं. बाई रात्रीच एकट्या, अनवाणी निघाल्या होत्या. वाटेतल्या गटाराच्या कामात त्या पडल्या, खुबा मोडला, आणि थंडीत तशाच पडून राहिल्या. आजूबाजूनं लोक पळत होते. प्रत्येकाच्या कडेवर कोणीतरी होतं.

तिसऱ्या दिवशी पोलीस आले. संदेश ज्या खोट्या खात्यावरून निघाला ते अंबरीशच्या नावावरच्या इंटरनेटवरून चाललं होतं. त्यांनी त्याचा कॉम्प्युटर नेला, त्यालाही नेलं. “ज्याची आई पडली तोच?” साखराबाई जिन्यात म्हणाल्या. “काय दिवस आलेत, माय.”

राजश्री खोलीत आली तेव्हा पुनमच्या ताटातला भात तसाच होता. वर साय धरल्यासारखा सुकलेला.

“ताई,” पुनम भिंतीकडे बघत म्हणाली, “मला फक्त रविवारची टेस्ट नको होती.”

राजश्रीला कळायला थोडा वेळ लागला.

“तू? कोणाला विचारून बसलीस तू त्याच्या नेटवर?”

“तुम्हीच दाखवली ना पायरी.”

आवाजात आरोप नव्हता. तिनं नुसतं सांगितलं.

लगेच उठून पोलीस स्टेशनला जायचं... पण पुनमचा चेहरा बघून तिचे पाय निघेनात. मागच्या वर्षी पलीकडच्या गल्लीत एका मुलीची खोली आतून बंद सापडली होती. सगळ्यांना माहीत होतं, कोणी बोलत नव्हतं. राजश्रीनं क्लासला सुट्टी टाकली. पुनम न्हाणीघरात गेली की ही बाहेर उभी, पाण्याचा आवाज थांबला की हाक मारायची. ओढण्या उचलून स्वतःच्या बॅगेत ठेवल्या. तिकडे तो बाकावर बसून असेल, त्याला ओरडत असतील. इकडे ही पोर. एकीला वाचवायचं म्हणजे दुसऱ्याला बुडवायचं, आणि दोन दिवस ती काहीच न करता दोन्हीकडे बुडत राहिली. शेवटी तिनं पुनमच्या वडिलांना फोन लावला. “कितवी आली?” त्यांनी विचारलं. ती म्हणाली, “काका, आजच निघा. तिला मार्क विचारू नका. आधी जवळ घ्या.”

पुनमचे वडील, व्यंकटकाका, आले, लेकीशेजारी बसले, तेव्हा राजश्री जगदेवीबाईंना ठेवलं होतं त्या सरकारी दवाखान्यात गेली.

अंबरीश वॉर्डबाहेरच्या बाकावर होता. दाढी वाढलेली, सदरा चुरगळलेला. पोलिसांनी सोडलं होतं, पण रोज ठाण्यात हजेरी द्यायला सांगितलं होतं. ती शेजारी बसली. मध्ये थर्मासची जागा ठेवून.

“काय सांगितलंत त्यांना?”

“उघडं होतं, कोणीही वापरलं असेल.”

“माझं नाव?”

“नाही घेतलं.”

“का? मी वापरत होते, हे खरंच आहे.”

तो फरशीकडे बघत होता. “घेतलं असतं तर तुम्हाला उचललं असतं.”

तिला आधी बरं वाटलं, छातीत ऊब आल्यासारखं. मग त्याचा अर्थ हळूहळू आत उतरला.

“अंबरीश... तुम्हाला वाटलं मी केलं?”

एक नर्स ट्रॉली ढकलत गेली. तिला वाट द्यायला त्यानं पाय आत ओढले.

“तुमच्या जिन्यापलीकडं ते पोहोचतच नाही, राजश्री. तिथं मी तुम्हालाच बसलेलं बघितलं. दुसरं कोण असणार?”

इतके दिवस तिनं त्याच्या तोंडून आपलं नाव ऐकायची वाट बघितली होती. ते असं आलं.

“आणि तरी गप्प बसलात? तुमची आई आत पडलेली असताना?”

“हो.”

“मी असं करू शकते असं वाटलं, आणि तरी?”

“वाटलं, काही कारण असेल. कारण सापडत नव्हतं... रोज शोधायलो.”

यावर रागवावं की त्याच्या खांद्यावर डोकं ठेवावं, तिला समजेना. तिनं दोन्हीपैकी काहीच केलं नाही.

“मी नाही केलं,” ती म्हणाली. “पण कोणी केलं ते मला दोन दिवसांपासून माहीत आहे.”

आता त्यानं मान वर केली. तिनं सगळं सांगितलं. पायरीचं, पुनमचं, भाताच्या ताटाचं, बॅगेतल्या ओढण्यांचं. तो ऐकत राहिला. शेवटी एवढंच म्हणाला, “पोरगी आता एकटी नाही ना?”

“नाही. वडील आलेत.”

“मग जा. तिला घेऊन जा पोलिसांकडं. तिच्याच पायानं जाऊ दे.”

संध्याकाळच्या आत तिघं पोलीस स्टेशनला गेली. पुनमनं सांगितलं, मध्येच रडली, पुन्हा सांगितलं. व्यंकटकाकांनी सगळा वेळ तिच्या पाठीवर हात ठेवला होता. राजश्रीनं स्वतःहून लिहून दिलं की नेट वापरायची जागा आपण दाखवली, आणि मालकाला विचारलं नव्हतं. क्लासनं दुसऱ्या दिवशी तिला येऊ नका म्हणून कळवलं. पुनमवर काय कारवाई होईल ते अजून कोणी नक्की सांगत नव्हतं, पण ती वडिलांबरोबर घरी गेली, आणि बसमध्ये बसताना तिनं दोन केळी खाल्ली. राजश्रीनं ते डोळे भरून बघितलं.

एक काम राहिलं होतं. अंबरीश म्हणाला, आईला मी सांगतो. ती म्हणाली, नको.

जगदेवीबाईंचा पाय वजन लावून बांधला होता. त्यांनी तिला बघून पदर कानावर ओढला. “ये, पोरी. बस.”

ती उभी राहूनच बोलली. बोलणं संपल्यावर बाईंनी नजर छताकडे वळवली.

“आमचं दार उघडं हाय म्हणून तू आलीस,” त्या म्हणाल्या, “ते मला आवडलं होतं. पण माझ्या दारातून तू दुसऱ्याला आत घेतलंस, आन् मला सांगितलं न्हाईस.”

“हो.”

“सांगितलंस ते बरं केलंस. आता जा. आत्ता मला तुझ्याकडं बघवत न्हाई.”

ती बाहेर आली. अंबरीश मागोमाग फाटकापर्यंत आला. रिक्षावाले ओरडत होते, पेरूच्या गाड्यावर मीठ-तिखटाचा वास होता. तो म्हणाला, “दवाखान्यातून सोडलं की आईला गावाकडं न्यावं लागेल. निलंग्याच्या पुढं. ती आता इथल्या छपराखाली झोपणार नाही.”

“आणि तुम्ही?”

“ती झोपेल तिथं मी.”

तिनं मान हलवली. दुसरं उत्तर तिला आवडलंच नसतं.

“मला तुम्ही आवडता,” तो म्हणाला. “हे गच्चीवर सांगायचं होतं. तिथं राहूनच गेलं.”

“माझ्यावर संशय घेण्याआधी की नंतर?”

“आधीपासून. संशय होता तेव्हा पण. तेव्हा तर जास्तच त्रास झाला.”

तिनं पहिल्यांदा त्याचा हात धरला. बोटं गार होती. कोणी बघत असेल तर बघू दे.

“आई ‘आत्ता’ म्हणाल्या,” ती हळूच बोलली. “आत्ता बघवत नाही.”

“मी पण ऐकलं.”

“तुमच्या आईचं ‘आत्ता’ किती दिवसांचं असतं?”

“भूकंपानंतर सरकारनं नवं घर दिलं. आत चल म्हटलं की म्हणायची, आत्ता नको. अंगणात पत्रा टाकून झोपायची... मी चौथीला गेलो तेव्हा आत आली.”

तिनं मनात हिशोब मांडायला सुरुवात केली आणि मध्येच सोडून दिला.

“पत्ता द्या,” ती म्हणाली.

तो खिशात पेन शोधू लागला. पेन नव्हतं. मग दोघं फाटकाशीच उभी राहिली, आणि तो निलंग्याच्या स्टँडवर उतरून पुढं कुठली गाडी धरायची, कुठल्या फाट्यावर उतरायचं, कोणाचं घर विचारायचं ते सावकाश सांगत राहिला. ती मनातल्या मनात पाठ करत होती.