डाव्या सीटचं वजन

मांडवच्या घाटात, तिसऱ्या वळणावर, रस्त्याच्या मधोमध एक माणूस पालथा पडलेला दिसला आणि अक्षदाने करकचून ब्रेक दाबला. भुरभुर पाऊस होता. ती काच खाली करून बघते तो काय, पडलेला माणूस चांगला धडधाकट, हातात मोजायची टेप, आणि वर तिलाच हाताने खुणावतोय की जरा थांबा.

"भिया, मरायचंय का?" तिने विचारलं.

"दोन मिनिट, मॅडम. या गड्ड्याची खोली राहिलीय." त्याने मान वर केली. कपाळ चिखलाने माखलेलं आणि खाली डोळे इतके शांत, की तिला उगाचच राग आला. "आणि... भिया म्हणून भाऊ नका करू, प्लीज."

असा हा अजेय. राहणार देवासचा, वडील कारखान्यातल्या नोकरीपायी साताऱ्याहून आलेले. हा मात्र घरी बसून कॉम्प्युटरवर गाड्यांच्या शर्यतीचा गेम बनवत होता. गेम म्हणजे पोरखेळ नव्हे, अगदी खऱ्यासारखी गाडी, खऱ्यासारखा रस्ता, आणि त्यात मांडवचा घाट खड्ड्यांसकट हवा असा त्याचा हट्ट. अक्षदा धारची. पीथमपूरकडे नव्या गाड्यांची चाचणी होते तिथे नोकरीला. चालवणारा चालवतो आणि ही डाव्या सीटवर, मांडीवर लॅपटॉप घेऊन, गाडी कुठे हादरली, कुठे झुकली ते टिपते. अशा मुलीला असा माणूस भेटल्यावर ती नंबर घेतल्याशिवाय पुढे जाते होय?

पुढच्या रविवारी ती देवासला त्याच्या घरी हजर. धारला घरी ऑफिसचं काम म्हणून सांगितलेलं. त्याच्या आईने, माईंनी, पोहे दिले आणि शहाण्या बाईसारख्या त्या स्वयंपाकघरात निघून गेल्या. अजेयच्या खोलीत खऱ्या गाडीची सीट, स्टिअरिंग, खाली पेडल आणि समोर तीन मोठे स्क्रीन. ती बसली, घाट चढली, उतरली. सगळं बरोबर होतं. तो खड्डासुद्धा हाताला नेमका लागला. तरी काहीतरी खटकत होतं. ती पुन्हा चढली. अजेय मागे उभा राहून तिच्या खांद्यावरून बघत होता, त्याचा श्वास कानाशी येत होता, आणि अशात माणसाने गाडीकडे लक्ष द्यायचं तरी कसं...

"डाव्या बाजूने गाडी फार हलकी वाटते," शेवटी ती म्हणाली. "आमच्याकडे गाडीत कायम दोघं असतात. तुझी डावी सीट रिकामी आहे."

त्याने लगेच कीबोर्ड पुढे ओढला. "वजन किती?"

"कुणाचं?"

"तुमचं."

आता मुलीला असं तोंडावर कुणी विचारतं का? ती म्हणाली की साधारण माणसाचं टाक, सत्तर-पंचाहत्तर.

"साधारण माणूस नाही बसवायचा मला शेजारी," तो स्क्रीनकडे बघतच म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले.

"बावन्न," ती पुटपुटली.

परतीच्या बसमध्ये इंदूरच्या अलीकडेच त्याचा मेसेज आला. बावन्न टाकून बघितले, गाडी पटत नाहीये, चौपन्न टाकू का? अक्षदा भर बसमध्ये एकटीच हसली. चौपन्नच होतं.

झालं, पोरगी कामातून गेली. पण या बाबाचं पुढे पाऊल पडेल तर शपथ. रोज मेसेज यायचा, आणि त्यात काय, तर टायरची हवा, स्प्रिंगचा ताठरपणा, ओल्या रस्त्यावर गाडी किती घसरावी. अक्षदा जेवताना उठायची, फोन बघायची, बसायची. गच्चीवर जायची, कशाला आले ते विसरून खाली यायची. तिचे वडील, ज्यांना सगळे भाऊ म्हणत, म्हणाले की तुझ्या पायाला काय चाकं लागलीत का.

तशात चेन्नईच्या एका कंपनीचं पत्र आलं. चांगली नोकरी, तीन वर्षांचा करार, सोमवारपर्यंत उत्तर द्या. तिला नोकरी हवी होती, खोटं कशाला बोला. पण त्याहून जास्त हवं होतं ते हे, की त्याने एकदा तोंडाने काहीतरी म्हणावं. स्वतःहून विचारायचं नाही हे तिने ठरवलं होतं. तिने फक्त बातमी कळवली. उत्तर आलं, "अभिनंदन. मोठा चान्स आहे." त्याखाली अंगठ्याचं चित्र. त्या अंगठ्याने ती रात्रभर तळमळली.

रविवारी तो घाट शेवटचा तपासायला म्हणून बसने धारला आला. तिने गाडीची किल्ली त्याच्या हातात दिली आणि स्वतः डावीकडे जाऊन बसली.

"मी?" त्याचा चेहरा उतरला. "लायसन्स आहे... पण चार वर्षांत हात नाही लावला."

"गेममध्ये हा घाट किती वेळा चढलास?"

"नऊशेच्या वर."

"मग चल."

नऊशे वेळा चढलेला माणूस ताशी पंधराच्या वेगाने निघाला. स्कूटीवाले वळून बघत पुढे गेले. तिसऱ्या वळणावर चढाला गाडी बंद पडली, मागे बस येऊन थांबली आणि बसवाल्याने हॉर्नचा धोशा लावला. अक्षदाने हँडब्रेक ओढला. अजेयने स्टिअरिंग घट्ट धरून ठेवलं.

"गेममध्ये चुकलं की बटण दाबतो," तो समोर बघत म्हणाला. "गाडी परत सुरुवातीला. तुला सांगायचं होतं ना, ते पण त्या सीटवर बसून खूप वेळा बोललो. दर वेळी गडबड झाली, म्हटलं पुन्हा करू. इथे पुन्हा नाहीये..."

मागे हॉर्न वाजतच होता. तिने काचेतून हात बाहेर काढून बसला थांबायची खूण केली.

"जाऊ नकोस असं नाही म्हणणार. तू जा. मी पण येतो. मला एक टेबल आणि लाईट लागते, चेन्नईत दोन्ही असेलच. माईला सांगितलंय. म्हणजे... लग्नाचं. तू भाऊंना... नाही, आधी तुला विचारून राहिलोय. मला तू पाहिजेस, अक्षदा. खूप पाहिजेस. बस."

तो पहिल्यांदाच तिला तू म्हणाला होता. तिचे डोळे भरून आले आणि हसूही आलं.

"हो," ती म्हणाली.

"थांब, नीट नाही जमलं." तो कपाळ पुसत म्हणाला. "परत बोलू का एकदा?"

"नको," अक्षदा म्हणाली. "हेच राहू दे."