बिनतेलाची पेज

"त्या लॉजवर रोज दुपारी तास-दीड तास काय करत होतीस तू?"

फोनवर आईचा आवाज चढलेला नव्हता, म्हणूनच इस्पितळाच्या बंद खोलीत नाकाला नळी लावून पडलेल्या ओकजूनं फोन कानाशी घट्ट दाबला. साथीच्या रुग्णांबद्दलचा नगरपालिकेचा संदेश सकाळीच शहरातल्या प्रत्येक फोनवर वाजला होता. रुग्ण क्रमांक चौदा, स्त्री, वय अठ्ठेचाळीस. आणि खाली तिच्या चौदा दिवसांचं सगळं येणं-जाणं, वेळेसकट. नाव नव्हतं. पण बंदराजवळच्या बाजारात तयार भाज्या आणि आंबवलेल्या कोबीची किमची विकणारी त्या वयाची बाई एकच होती! आणि सलग अकरा दुपारी तीच ओळ होती : धक्क्यावरचं लॉज, दोन ते साडेतीन.

"आई, मी..."

"सुकी मासळीवाली बुनरे चारचौघांत म्हणाली मला, 'पोरीला आत्ता पालवी फुटली का गं?' सगळा बाजार हसला. बोल ना! कोण आहे तो?"

मागून धाकटा भाऊ तेशिक ओरडला, "ताईला म्हणावं, निवडणूक होईपर्यंत घरी येऊ नकोस! साहेबांच्या कानावर गेलं तर मला हाकलतील."

तेशिक एका उमेदवाराच्या प्रचारात होता. याच महिन्यात तो पालिकेसमोर फलक धरून उभा राहिला होता... रुग्णांच्या वाटा आणखी तपशिलानं जाहीर करा, लोकांना कळायलाच हवं! थंडी मरणाची होती, म्हणून ओकजूनंच त्याला तिथे गरम जवाचा चहा नेऊन दिला होता.

"मी सांगू शकत नाही, आई."

"मग येऊही नकोस."

फोन बंद झाला. ओकजू भिंतीकडे तोंड करून रडली. एका वाक्यात सुटली असती ती! पण ते वाक्य आईच्या बावीस वर्षांवर कोसळलं असतं.

मंदीच्या वर्षी बाबांची जहाजाच्या कारखान्यातली नोकरी गेली, आणि महिन्याभरात ते कुणालाही न सांगता घर सोडून गेले. टाकलेली बायको म्हणवून घ्यायचं नव्हतं, म्हणून आईनं बाजाराला सांगितलं, नवरा समुद्रात बुडाला. मग दर शरदात ती त्याचं श्राद्ध घालू लागली... जिवंत माणसाचं! भाताच्या वाटीत चमचा उभा खोचायचा, फोटोपुढे मद्य ठेवायचं आणि तिघांनी वाकून नमस्कार करायचा. बुनरेसारख्या बायका प्रसाद न्यायला यायच्या आणि या सोशीक विधवेपुढे आवाज खाली आणायच्या. तेशिकलाही तेच खरं वाटत होतं; खरं माहीत होतं ते फक्त आईला आणि ओकजूला.

आणि या थंडीच्या सुरुवातीला धक्क्यावरच्या लॉजच्या मालकिणीनं एका आजारी भाडेकऱ्यासाठी मऊ पेज मागितली होती. "तिळाचं तेल नको म्हणतो बाई, वासानंच उलटी होते म्हणे." ओकजूचा हात थांबला होता. पेजेवर तिळाचं तेल नको म्हणणारा एकच माणूस तिनं आयुष्यात पाहिला होता.

"आईला सांगू नकोस," चौऱ्याहत्तर वर्षांच्या त्या हाडांच्या सापळ्यानं तिचं मनगट धरून म्हटलं होतं. "तिनं मला चांगलं मरण दिलंय. ते तरी राहू दे."

साथीचा माग काढणाऱ्या पालिकेच्या अधिकाऱ्याला मात्र तिनं सगळं खरं सांगितलं. दोनच दिवसांनी पुढचा संदेश आला. रुग्ण क्रमांक पंधरा, पुरुष, वय चौऱ्याहत्तर. मुक्काम : धक्क्यावरचं लॉज. चौदा दिवसांत बाहेर गेल्याची नोंद नाही. संपर्क : एक, क्रमांक चौदा.

तिनं ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. संपर्क एक! बाजारात तिला तो रोग कुणाकडून लागला, कधी लागला, कुणालाच सांगता येत नव्हतं. त्या दिवसांत कुणालाच काही सांगता येत नव्हतं. पण तिनं तो कुठे नेऊन पोचवला, हे मात्र साऱ्या शहराला छापील कळलं होतं...

मंगळवारी सकाळी बाबा गेले. ती त्याच इस्पितळात, दोन मजले वर होती. पिशवीत बंद करून परस्पर दहन झालं. दहनाला संमती विचारली, तेव्हा तिनं फक्त फोनवर "हो" म्हटलं.

पंचवीस दिवसांनी तिला सोडलं, तेव्हा ती कपडे तेवढे घ्यायला घरी आली. दार उघडंच होतं. भरदुपारी आत श्राद्धाचं टेबल मांडलेलं... फोटो, मद्याचा पेला, फळं. आणि मधोमध, भाताच्या जागी, पेजेची वाटी. तिच्यावर तेलाचा एक थेंब नव्हता.

"आई!"

"थंडीभर बघत होते मी," आई न वळताच म्हणाली. "बाजारात आपल्या गाड्याच्या मागे वेगळं पातेलं, वेगळा डबा, तेलाची बाटली बाजूला. कुणासाठी, ते विचारलं नाही. कळेल म्हणून भीती वाटायची गं. आणि तरी तुलाच फोनवर विचारलं, कोण आहे तो..." तिनं मद्याचा पेला फोटोजवळ सरकवला. "पंधरा नंबर वाचला, तेव्हा स्वतःलाच फसवता येईना. मंगळवारी तो नंबर गेल्याचाही संदेश आला."

"बाजारात कळलं तर..."

"मीच सांगितलं. बुनरेच्या गाड्यासमोर उभी राहून. म्हटलं, बावीस वर्षं मी विधवा नव्हते. त्या मंगळवारपासून आहे."

ओकजू कोसळलीच. "मीच नेला गं तो रोग त्यांच्यापर्यंत! दुसरं कुणी गेलंच नव्हतं त्यांच्याकडे..."

"दुसरं कुणी गेलंच नव्हतं," आई म्हणाली, आणि तिनं लेकीचं डोकं छातीशी घट्ट धरलं.

तेशिक कोपऱ्यात मान खाली घालून उभा होता. "ताई," एवढंच त्याच्या तोंडून निघालं. तेवढ्यात त्याच्या हातातला फोन कर्कश वाजला... नवा रुग्ण, नव्या वाटा. सवयीनं त्याची नजर पडद्यावर गेली. मग त्यानं न वाचताच फोन जमिनीवर पालथा ठेवला.

आईनं ओकजूच्या हातात चमचा दिला. पेजेत तो उभा राहीना, सारखा कलत होता. तिघांनी मिळून धरून ठेवला.