पंगतीतली सुई

मानवजातीने हिंसेचा कायमचा त्याग केला, ही एकविसाव्या शतकातली सर्वांत उदात्त घटना होय. तिच्या स्मरणार्थ दर वर्षी शाळांना सुट्टी असते. यंदा त्याच सुट्टीच्या दिवशी, बसस्थानकावर, नलिनी सोहनी नावाच्या संगीतशिक्षिकेला सात-आठ सभ्य प्रवाशांनी बाकावरून खाली ओढलं आणि बॅगांनी, छत्र्यांनी, एकाने तर स्टीलच्या डब्याने, ती निपचित पडेपर्यंत बडवलं. बडवताना सगळ्यांनी डोळे घट्ट मिटले होते. नलिनीचा एक डोळा मात्र उघडा राहिला. तो गेला. तिचा गुन्हा एवढाच, की जेवणाचा डबा उघडण्याआधी तिने पोटात इन्सुलिन टोचून घेतलं होतं, आणि तेही चारचौघांत.

हे कळायला आधी अनुवेदना म्हणजे काय ते कळायला हवं. समोरच्याचं बोट दारात चेमटलं की आपण ‘आई गं’ म्हणतो, आपलं बोट शाबूत असूनही. मेंदूतल्या काही पेशी दुसऱ्याचं दुखणं नुसतं पाहून जराशा चाळवतात. डॉ. विश्राम आपटीकरांनी त्या ‘जराशा’वर समाधान मानलं नाही. त्यांनी नाकात सोडायचे थेंब तयार केले. थेंबांतला निरुपद्रवी विषाणू त्या पेशींपर्यंत पोचतो आणि त्यांची धार शंभरपट वाढवून ठेवतो. मग तुम्ही कुणाला मार बसताना पाहिलंत की तो तुम्हालाही लागतो. थोबाडीत मारणाऱ्याचाच गाल ठणकतो. पाहून लागणाऱ्या या दुखण्याला डॉक्टरांनी अनुवेदना हे नाव दिलं, आणि दंगलींनी पोळलेल्या सरकारने ते थेंब सगळ्यांना सक्तीचे केले.

गुण आला, यात शंका नाही. खून थांबले. दंतवैद्य धंदा सोडून पळाले. दात यंत्रं काढू लागली. नवरा-बायको भांडताना एकमेकांच्या हाताला लागणार नाही अशा बेताने भांडी आपटू लागले.

फक्त एक फट राहिली. अनुवेदना डोळ्यांतून शिरते. डोळे मिटले की संपलं. ही फट लोकांना सापडायला एक पावसाळाही लागला नाही. डोळे मिटून केलेल्या मारामारीला लोक मिटमारी म्हणू लागले. कायद्याला ती ठाऊक नाही. हिंसा म्हणजे पाहणाऱ्याला झालेली वेदना, अशी कायद्यातली व्याख्या. कुणी पाहिलंच नाही तर हिंसा कसली? पोलीस ‘गर्दीत बसलेला धक्का’ म्हणून विषय मिटवतात. उघड्यावर सुई टोचणं मात्र दखलपात्र गुन्हा आहे, कारण ते दिसतं. म्हणून प्रत्येक सार्वजनिक जागी एक टोचण-खोली असते. ती बहुतेक संडासाच्या शेजारी असते आणि तिच्यात मोडक्या खुर्च्या ठेवतात.

नलिनीची शाळेतली मैत्रीण कुमुद तारळेकर भूगोल शिकवायची. ती अकराव्या वर्षापासून इन्सुलिनवर होती. तिच्या शरीरात ते तयारच होत नसे. आणि वैशाखात तिच्या मुलीचं, ऋजुताचं, लग्न होतं.

“आई, आजच्या दिवस खोलीत जाऊन घे ना,” हळद उतरायच्या आत ऋजुता म्हणाली.

“साखरपुड्याला गेले होते की खोलीत. दोन दात कुठायत माझे?”

साखरपुड्याला कुमुद शहाण्यासारखी टोचण-खोलीत जाऊन आली होती. इन्सुलिन टोचलं की पाव-अर्ध्या तासात पोटात अन्न पडावं लागतं. नाही पडलं तर रक्तातली साखर घसरते, घाम फुटतो, माणूस कोसळतो. त्या दिवशी कुमुद टोचून बाहेर आली आणि तेवढ्यात मुलाचे काका रुसले. भालचंद्रकाका, निवृत्त कार्यकारी अभियंता. त्यांचं पान पंख्याखाली मांडलं नव्हतं. त्यांची समजूत निघेस्तोवर पंगत खोळंबली, आणि पंगत खोळंबलेली असताना मुलीच्या आईने एकटीने घास कसा खायचा? सरबत तरी मिळेल म्हणून कुमुद स्वयंपाकघराकडे निघाली ती टोचण-खोलीच्या दारात खुर्च्यांवर तोंडावर पडली. कुणाला काही लागलं नाही. कुणी पाहिलंच नव्हतं.

“मी पानात वरण पडल्याशिवाय टोचणार नाही,” कुमुद म्हणाली. “आणि वरण पानातच पडतं, खोलीत नाही.”

“नलिनीचं काय झालं ते विसरलीस?” ऋजुताचे वडील गजाननराव मध्ये पडले. “अगं, निदान जेवू नकोस. भूक नाही म्हण.”

“व्याह्यांच्या पंगतीत? मुलीची आई उपाशी बसली तर भालचंद्रकाका पुन्हा रुसतील.”

ते खरंच होतं, म्हणून गजाननराव सभागृहातले पंखे मोजायला गेले.

अक्षता पडल्या. सकाळपासूनच्या धावपळीत कुमुदचा न्याहारीचा डोसही राहिला होता. साखर तीनशेच्या वर गेल्याचं तिला न मोजताच कळत होतं. तोंडाला कोरड पडली होती आणि नवऱ्या मुलाचा फेटा दोन-दोन दिसत होता. आज टोचणं चुकवून चालणार नव्हतं. व्याह्यांची पंगत लांब टेबलांवर मांडली होती, पांढऱ्या चादरी जमिनीपर्यंत सोडलेल्या. ‘आमच्यात दोन्हीकडचे एकत्र बसतात’ असं म्हणून विहिणीने कुमुदला हाताला धरून बसवलं. डावीकडे भालचंद्रकाका, पंख्याखाली. उजवीकडे मुलाचे मामाआजोबा. पांढरी मिशी, खादीचा सदरा. हेच ते डॉ. विश्राम आपटीकर.

“विहीणबाई, तुम्ही शिक्षिका ना?” डॉक्टर म्हणाले. “माझ्यावर धडा आहे सातवीला. कसा शिकवता?”

“मी भूगोल शिकवते. पण एक विचारू? मी टोचून घेतलं तर भालचंद्रकाकांना किती दुखेल?”

डॉक्टरांनी पापडाचा तुकडा मोडला. “साधं आहे. तुमच्या पोटात सुई शिरताना त्यांना दिसते. त्यांच्या पेशी तुमचं दुखणं उचलतात, शंभरपट करतात. जवळजवळ सळई खुपसल्यासारखं.”

“शून्य गुणिले शंभर किती?”

“म्हणजे?”

“मला दुखतच नाही. केसाएवढी सुई असते, डॉक्टर. डास बरा म्हणायची पाळी. मग काका माझं काय उचलतात?”

डॉक्टरांचा पापड हातातच राहिला. आयुष्यभर त्यांनी चटके, धक्के, चिमटे मोजले होते. टोचून घेणाऱ्याला काही विचारावं, हे त्यांना कधी सुचलं नव्हतं. सुई म्हटल्यावर दुखणारच, यात विचारायचं काय?

“दुखत नाही? अजिबात?”

“अजिबात.”

डॉक्टरांनी पानातलं मीठ बोटाने बाजूला सारलं. मग खालच्या आवाजात म्हणाले, “डोळ्यांतून वेदना येत नाही, ताई. दृश्य येतं. दुखत किती असेल, याचा अंदाज मेंदू आपल्या मनाने बांधतो.”

“म्हणजे लोकांना दुसऱ्याचं कधी दुखलंच नाही. त्यांना आपलं आपणच दुखतं.”

“हळू बोला. एवढ्या एका गोष्टीवर देश शांत आहे.”

“नलिनी सोहनीचा डोळाही त्या एका गोष्टीवरच गेला. तिला मारताना कुणाच्या डोळ्यांतून काही आलं नाही.”

“मिटमारी ही अफवा आहे,” डॉक्टर म्हणाले, पण पूर्वी भाषणात म्हणत तितक्या ठासून नाही.

तेवढ्यात वाढप्याने भाताची मूद पाडली आणि तिच्यावर वरण ओतलं. कुमुदने कमरेच्या बटव्यातून इन्सुलिनचं पेन काढलं. दिसायला ते लिहायच्या जाड पेनसारखंच असतं. टोकाला सुई, मागे डोस फिरवायची चकती. ती उभी राहिली आणि वर्गात बोलतात तसं मोठ्याने म्हणाली, “मंडळी, मी इन्सुलिन टोचून घेणार आहे. ज्यांना त्रास होईल त्यांनी कृपया जिलबीकडे बघावं.”

जिलबीकडे कुणीही बघितलं नाही. सगळी पंगत वळून तिच्या पोटाकडे बघू लागली. तिने पदर सरकवला आणि पेन टेकवलं.

भालचंद्रकाका किंचाळले. असे, की सनई थांबली. पोट धरून ते खुर्चीसकट मागे कोसळले. त्यांच्या पलीकडची मावशी कळवळून आमटीत हात घालून बसली. तिचा भाजलेला हात पाहून समोरची चौघं आपापले हात झाडत ओरडू लागली. आणि त्या चौघांना पाहून अख्खी रांग. वाढप्याच्या हातून कढीचं भांडं एका करवलीच्या मांडीवर सांडलं. ते ज्यांनी पाहिलं ते जागच्या जागी वाकले.

“सुई काढून घ्या तिची!” काका जमिनीवरून ओरडले. “डोळे मिटा रे सगळे!”

अडीचशे माणसांनी डोळे मिटले. क्षणभर सभागृहात इतकी शांतता झाली की लांबून पाहणाऱ्याला ही मंडळी प्रार्थना करताहेत असं वाटलं असतं. मग पहिली खुर्ची उचलली गेली.

ती कुमुदसाठी होती. पण नेम धरायला डोळे लागतात. ती मुलाच्या आत्याच्या खांद्यावर बसली आणि हाड मोडल्याचा आवाज स्पष्ट ऐकू आला. आत्याच्या मुलाने आवाजाच्या दिशेने पितळी तांब्या हाणला. तो नवऱ्या मुलाच्या वडिलांच्या तोंडावर. आपल्याला कुणी मारलं हे कुणालाच कळत नव्हतं, आणि मिळेल त्याला परत मारण्यात अडचण येत नव्हती. डाव, झारे, पाट, फेट्याची लाकडी पेटी, जे हाताला येईल ते फिरत होतं. गजाननरावांनी ‘अहो, ऐका’ म्हणण्यासाठी डोळे उघडले. एका नजरेत त्यांना साऱ्या सभागृहाचा मार लागला आणि ते जागेवरच आडवे झाले. त्यांच्यावरून माणसं गेली. ऋजुताला तिच्या मैत्रिणींनी ओढत बाहेर नेलं, तिघींचेही डोळे मिटलेले, दाराच्या चौकटीला थडकत.

कुमुदने नजर पानावरच ठेवून ते दोन्ही हातांनी उचललं आणि ती टेबलाखाली शिरली. चादर मागे पुन्हा सुटली. आत अर्धवट अंधार होता आणि दिसण्यासारखं काही नव्हतं. तिने पेन डोळ्यांजवळ धरलं. सुईवर एक बाहेरचं मोठं टोपण असतं आणि आत एक बारीक, काडीएवढं. बाहेरचं तिने काढलं होतं. आतलं तसंच होतं.

सुई तिच्या पोटाला लागलीच नव्हती. वर कुणीतरी ‘आई, आई’ करत होतं आणि दर ‘आई’नंतर धप्प असा आवाज येत होता.

मग तिने टोपण काढलं. डोस फिरवला. पदर बाजूला केला आणि अडीचशे माणसांच्या मधोमध, भरल्या लग्नात, सावकाश टोचून घेतलं. मनात दहा आकडे मोजून सुई काढली. घाई नव्हती. आडोसा शोधायला नको, दाराशी कुणाला उभं करायला नको. इतकं निर्धास्त तिला अकराव्या वर्षानंतर कधी वाटलं नव्हतं.

वरती डॉक्टर आपटीकर खुर्चीवर चढले असावेत, कारण त्यांचा आवाज उंचावरून आला. “थांबा! तिला दुखत नाही! उगाच मारताय! ऐका माझं, तिला मुळीच दुखत नाही हो!” आवाजाचा माग काढणं मिटलेल्या डोळ्यांना सोपं जातं. एक जड काहीतरी ओल्या लाकडावर बसावं तसं बसलं. पुन्हा बसलं. डॉक्टर खाली आले, चादरीसकट, आणि त्यांचा चेहरा कुमुदच्या पानापासून हातभर अंतरावर येऊन टेकला. कवटी कानाच्या वर फुटली होती. मिशी लाल झाली होती.

कुमुदने त्यांच्याकडे पाहिलं आणि तिचं डोकं फुटलं. तशी कळ तिने जन्मात सोसली नव्हती. पोटातून आंबट पाणी गळ्यापर्यंत आलं.

“ताई,” डॉक्टर म्हणाले, “माझ्याकडे बघा. कुणीतरी बघायला हवं. बघितल्याशिवाय कुणी येणार नाही.”

ते बरोबर होतं. त्यांनीच शोधून काढलेलं होतं. ती बघत राहिली असती तर किंचाळली असती, किंचाळली असती तर कुणी डोळे उघडले असते, कदाचित कुणी पाणी आणलं असतं. पण इन्सुलिन आत गेलं होतं, तीनशेच्या वर साखर असलेल्या बाईचं, भरपूर. आता ओकारी झाली, किंवा वेळेत घास पोटात गेला नाही, तर पुढचं तिला पाठ होतं.

“ताई, मला खरंच दुखतंय,” डॉक्टर म्हणाले.

कुमुदने डोळे मिटले. कळ तात्काळ थांबली; दिवा मालवावा तशी. तिने चाचपडत पान जवळ ओढलं, भात कालवला आणि पहिला घास घेतला. दुसरा घेतला. डॉक्टर अजून काहीतरी म्हणत होते, मग नुसताच श्वास ऐकू येत होता, मग तोही नाही. ती जेवत राहिली.

वरणात मीठ नव्हतं.