वरकुट्यातली कामसू मुलं

फाट्यावर एसटीतून उतरल्या उतरल्या अल्फियाची छत्री उलटी झाली. परतीचा पाऊस असाच असतो... ऊन पडलेलं असताना येतो, तिरका येतो आणि माणसाची फजिती करून निघून जातो. ती छत्रीच्या काड्या सरळ करण्यात गुंतली असताना एक पिकअप हळूच शेजारी येऊन थांबली. मागे रिकाम्या क्रेटची थप्पी होती.

"वरकुट्यात जायचंय का मॅडम? बसा की."

अल्फियाने आत पाहिलं. भुरभुरणारे केस, बाह्या दुमडलेला शर्ट, आणि हसू दाबायचा प्रयत्न करणारा एक चेहरा.

"मी तुम्हाला ओळखत नाही."

"म्या अरफात. हितलाच. कारली इकून आलोय, म्हंजी आता गाडीत कडू काय बी न्हाय."

ती हसली नाही, पण बसली. गाडी कच्च्या रस्त्याला लागल्यावर त्याने विचारलं, "कुणाच्या घरी?"

"सगळ्यांच्या."

"आँ?"

मग तिने सांगितलं. ती बारामतीची. वडिलांचं, इस्माईलभाईंचं, तिथे बांगड्यांचं दुकान. ती पीएच.डी. करत होती, आणि समाजाचा अभ्यास करणाऱ्यांना पाठबळ देणाऱ्या दिल्लीच्या एका परिषदेने तिला शिष्यवृत्ती दिली होती. विषय असा, की भाजीपाला पिकवणाऱ्या घरांत दिवसभर कोण कोणतं काम करतं.

"म्हंजी भांडी कोण घासतं, ते?"

"तेही."

"आन् त्याला दिल्लीहून मदत मिळती?" अरफात खो खो हसला.

अल्फियाला राग यायला हवा होता. पण लहानपणी दुकानात बसून बायकांच्या गप्पा ऐकता ऐकता तिच्या अंगी एक गुण आला होता. समजावून सांगायचा तिला कंटाळा नव्हता.

"हे बघा, देशात कारली किती पिकली ते कुठेतरी लिहिलेलं असतं. पण ती तोडायला पहाटे कोण उठलं, हे कुठेच नसतं. जो माणूस कागदावर दिसतच नाही, त्याचा विचार योजना आखताना कोण करेल?"

 वायपर एकदा इकडे गेला, एकदा तिकडे.

"अम्मी उठती," तो हळूच म्हणाला.

"मग ते लिहायलाच हवं... नाही का?"

त्याने आरशातून तिच्याकडे पाहिलं. नेमकी तीही तिथेच पाहत होती. दोघांनीही घाईघाईने रस्त्याकडे नजर वळवली. रस्त्यात मात्र खड्ड्यांशिवाय काहीच नव्हतं.

वरकुट्याने तिचं असं स्वागत केलं की ती चकित झाली. अरफातची आई कमरजहाँ हिने तर खुर्चीवर नवी चादर अंथरली, कपाटातले कप काढले आणि पोह्यांवर ओलं खोबरं पेरलं.

"खाला," अल्फियाने मावशी म्हणावं तशी हाक मारली, "घरात सकाळचा चहा कोण करतं?"

"माझा अरफात!"

"आणि चपात्या?"

"लाटतो की! गोल गोल. कपडे सोताचे सोता धुतो. या घरात सून आली ना पोरी, तर तिनं नुसतं पंख्याखाली बसायचं बघ."

शेजारच्या छबूबाईकडेही तेच. "आमचा सुयोग? बया! झाडलोट त्योच करतो. भाकरी तर अशी थापतो, की म्या बघतच ऱ्हाते." आतल्या दारातून सुयोगने आईकडे अशा काही नजरेने पाहिलं, की त्याला हे आजच कळत असावं. अल्फिया मान खाली घालून लिहीत होती, म्हणून तिला ते दिसलं नाही.

घरामागून घर झालं. तिची वही भरत गेली, आणि पोह्यांनी पोटही. वरकुट्यातली तरुण मुलं पाणी भरत होती, भांडी घासत होती, आईचे पाय चेपत होती. हे असं गाव तिने कुठल्याच पुस्तकात वाचलं नव्हतं!

आणि रोज संध्याकाळी एसटीची वेळ होईपर्यंत अरफातच्या कारल्याच्या मांडवाखाली ती टेकायची. पाऊस थांबला तरी वेलींवरून थेंब गळत राहायचे. एक थेंब तिच्या कानामागे पडला, की तो म्हणायचा, "सरका हिकडं, मांडव गळतोय." ती सरकायची नाही. दुसरा थेंब पडायचा... मग थोडी सरकायची.

"तुम्ही चपात्या खरंच गोल लाटता?" एकदा तिने विचारलं.

अरफातने एक पिकलेलं पान खुडलं आणि नुसतं बोटांत फिरवत राहिला. "कुणी सांगितलं?"

"खालांनी. माझ्या अब्बांना चहासुद्धा जमत नाही. मला बाई कौतुक वाटतं अशा मुलाचं."

त्याने मान खाली घातली. ती समजली, लाजला.

तिला शिकवणाऱ्या संजीवनी मॅडमना तिने उत्साहाने फोन केला. पुण्यात लवकरच बैठक होती. परिषदेची तज्ज्ञ मंडळी प्रत्येकाचं वर्षाचं काम ऐकणार होती आणि पुढचं पाठबळ द्यायचं की नाही ते ठरवणार होती.

"मॅडम, अख्खं गाव बदललंय! हे ऐकून सगळे थक्क होतील."

"हं... इतकं गोड उत्तर आलं ना अल्फिया, की मला आधी भीती वाटते," मॅडम म्हणाल्या. "काही घरांत पुन्हा जाऊन ये."

अल्फिया हिरमुसली. दुसऱ्या दिवशी मांडवाखाली तिने अरफातलाच आपला मसुदा वाचून दाखवला. वरकुट्याने देशाला वाट दाखवली आहे, असं शेवटी होतं. वाचून झाल्यावर तिने मान वर केली. तो पांढराफटक पडला होता.

"मॅडम, हे पुण्यात वाचू नका."

"का?"

"सगळं खोटं हाय."

वेलीवरून थेंब पडला. या वेळी कुणीच सरकलं नाही.

"आमच्या गावात लग्नाची पोरं लई," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "शेती करणाऱ्याला पोरगी देत न्हाय कुणी. त्यात तुमी बारामतीच्या, बिनलग्नाच्या. घरोघर जाऊन इचारता, पोरगा काय करतो, घरात किती माणसं, बायकांना काम किती पडतं... लोकांना वाटलं, स्थळाची चौकशी हाय. तुमच्यासाठी, न्हायतर तुमच्या वळखीतल्या कुणा पोरीसाठी. पयल्यांदा अम्मीला वाटलं. मग तिनं छबूकाकूला सांगितलं, आन् गावभर झालं."

"म्हणजे ते पोहे..."

"व्हय. ते पावण्याचे पोहे."

"आणि चपात्या?"

"मला कणीक आन् मैदा एकाजागी ठिवला तर वळखायचा न्हाय."

एरवी ती हसून लोळली असती. आता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुम्हाला हे कधीपासून माहीत होतं?"

"...लई दिवस."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तुमचं येणं बंद झालं असतं."

अल्फियाने कागद गोळा केले, पिशवीत कोंबले आणि मागे न बघता फाट्याकडे निघाली. एसटीत खिडकीशी बसल्यावर तिला दोन गोष्टींचं रडू येत होतं. एक, इतक्या दिवसांचं काम मातीत गेलं होतं. आणि दुसरी... दुसरी तिने स्वतःलाही सांगितली नाही.

संजीवनी मॅडमच्या घरी ती भीत भीतच गेली. सगळं ऐकून मॅडम आधी मनसोक्त हसल्या. मग म्हणाल्या, "सुटलो गं बाई! बैठकीनंतर कळलं असतं म्हणजे?"

"पण माझ्याकडे आता काहीच नाही, मॅडम."

"आहे की. लोकांनी तुला खोटं सांगितलं, हे खरंय. ते का सांगितलं, याचा विचार कर. सुनेला काय आवडेल हे त्या आयांना पक्कं ठाऊक आहे. म्हणजे आपल्यावर काय पडतं, हेही त्यांना ठाऊक आहे! आता विचारू नकोस. दिवसभर घरात बस आणि बघ. आणि पुण्यात झालं ते झालं तसं सांग."

पुण्यात तिने तसंच सांगितलं.  पोह्यांपाशी आल्यावर एक वयस्कर सर हसायला लागले, मग सगळेच. हसू ओसरल्यावर ते सर म्हणाले, "आमच्यातल्या पुष्कळांना असे पोहे मिळालेत. कबूल करणारे कमी." दुसऱ्या वर्षाचं पाठबळ मंजूर झालं. जिना उतरताना अल्फियाला पायाखाली पायऱ्या आहेत हेच जाणवत नव्हतं.

मग ती वरकुट्यात परतली. गावातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या गेणूआबांच्या ओट्यासमोर माणसं जमवली आणि सरळ सांगितलं, "मी स्थळ बघायला आले नव्हते. तुमचा गैरसमज झाला, आणि मीही नीट सांगितलं नाही. चूक माझी आहे."

 मग गेणूआबा खाकरले.

"मग आमचं पोहं परत कर, बाय!"

सगळा ओटा हसला. सुयोग तर सगळ्यांत मोठ्याने, भाकरी थापण्यातून सुटल्यासारखा. फक्त कमरजहाँ पदर तोंडावर धरून मागे बसली होती. गर्दी पांगल्यावर ती जवळ आली.

"पोरी, लाज वाटती गं."

"खाला, उद्या पहाटे मी तुमच्याकडे येऊ? काही विचारणार नाही. चहासुद्धा नको."

ती गेली. अंधारात तोडणी, मग चूल, मग गोठा, मग पुन्हा मांडव. कमरजहाँ कुठे टेकलीच नाही. संध्याकाळी अल्फियाने तिला तिचा दिवस वाचून दाखवला. ती ऐकत राहिली, जणू दुसऱ्याच कुणा बाईची हकिकत आहे.

"येवढं म्या करते?"

"रोज."

दाराशी अरफात उभा होता.  आत गेला आणि आईच्या हातातली घागर त्याने काढून घेतली. अल्फियाने ते लिहिलं नाही. वाचून दाखवल्यानंतर केलेलं काम धरायचं नाही, असा तिने नियमच केला होता.

निघताना तो अंगणापर्यंत आला. "अजून राग हाय?"

"होता. पण तुम्ही गप्प राहिला असतात, तर मी त्या बैठकीत जाऊन खोटं वाचलं असतं."

"मग आता... मांडवाखाली..."

"नाही." तिने ओढणी सावरली. "या गावात माझं काम चालू आहे तोवर मी कुणाची कुणी नाही. अमक्याच्या घरचं बरं लिहिलं, असं कुणी म्हणता कामा नये."

"आन् काम संपल्यावर?"

"संपल्यावर बघू."

"वरकुट्यात घरं लई हायत, मॅडम," तो काकुळतीने म्हणाला.

ती तोंड फिरवून हसली. पाठमोरी असल्यामुळे त्याला दिसलं नाही, असं तिला वाटलं.

हिवाळा गेला. कारल्याचे वेल उतरले, त्या जागी कलिंगडं लागली. समोर दिसला की अरफात मान लववून बाजूने निघून जाई. तिला ते आवडे, आणि अजिबात आवडत नसे.

शेवटचं घर कालव्यापलीकडे होतं. ते आटोपून अल्फिया बाहेर आली, तेव्हा ऊन कलत होतं. कालव्याच्या भरावावर अरफात बसला होता. तिला पाहताच उठला.

"झालं?"

"झालं."

दोघंही पाण्याकडे बघत राहिले. वारा तिच्या ओढणीचं टोक त्याच्या हातापर्यंत नेत होता... आणि परत आणत होता.

"मग आता इचारू?" त्याचा आवाज जरासा फाटला.

"नको. आज मीच सांगते." तिने श्वास घेतला. "मला खोटं ऐकून बरं वाटत होतं, आणि तुम्ही खरं बोललात. मी परत येणार नाही हे माहीत असून बोललात. त्या दिवशी एसटीत मी त्यासाठीच रडत होते... तुम्ही मला आवडता, अरफात."

त्याने डोळे मिटले आणि किती दिवसांचा कोंडलेला श्वास सोडला. मग हसायला लागला, थांबताच येईना. तीही हसली.

"शुक्रवारी खालांना घेऊन आमच्या घरी या," ती म्हणाली. "नमाजनंतर अब्बा घरीच असतात."

"येतो की!... आन् तुमच्या अब्बांनी इचारलं, पोरगा काय काय करतो, तर अम्मीनं काय सांगायचं?"

"जे खरं आहे ते."

अरफातने थोडा विचार केला. "मग मला शुक्रवारपतुर चहा तरी शिकला पायजे."